‘विंडोज मारण्या’ची कुळकथा

पुणे–बंगळूर महामार्गावर, कृष्णा-तारळीच्या संगमाशी असलेलं उंब्रज घ्या किंवा सातारा-सांगलीतलं बाजारपेठेचं दुसरं कुठलंही गाव घ्या. घरचा संगणक सुरू होताना अडला, अमुक फाइल सापडत नाही असं सांगून थांबला, की त्यावरचा उपाय ठरलेला असतो : विंडोज मारून घ्या. सी ड्राइव्ह पुसायचा, म्हणजे फॉरमॅट करायचा, विंडोज नव्याने टाकायची, मग प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळं पुन्हा बसवायचं. नेमकी कोणती फाइल बिघडली आणि तेवढीच बदलता येईल का, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. शहरातले जाणकार या रीतीला अडाणीपणा म्हणतात. बिघडलेल्या सिस्टिम फाइल शोधून त्या बदलण्याची सोय १९९८ पासून विंडोजमध्येच आहे, ती न वापरता सगळं घर पाडून नवं बांधण्यात काय हशील, असा त्यांचा सवाल असतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. सिस्टिम फाइल दुरुस्त करण्याचं तंत्र जन्मापासून एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे हाताशी असलेली विश्वासाची मूळ प्रत. ही प्रत आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत आणि दुकानांत कधी पोहोचलीच नाही, आणि तिच्याशिवाय ते तंत्र चालतच नाही. विंडोज मारण्याची रीत या अभावातून आली. तंत्राचा इतिहास नीट पाहिला तर हे पायरीपायरीने दिसतं.

सुरुवात विंडोजच्याही आधीची आहे. १९८१ साली आलेल्या डॉसमध्ये यंत्र चालू करणाऱ्या फाइल तीनच होत्या : दोन लपवलेल्या आणि तिसरी कमांड डॉट कॉम. त्यांतली एक जरी बिघडली तरी पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटे आणि पुढे काही होत नसे. तेव्हाचा उपाय साधा होता. सुरू होणारी चांगली फ्लॉपी घालायची, यंत्र तिच्यावरून चालू करायचं आणि ‘सिस’ ही आज्ञा द्यायची. फ्लॉपीवरच्या सिस्टिम फाइल हार्ड डिस्कवर जागच्या जागी उतरत, बाकी कशाला धक्का लागत नसे. डॉसमध्ये ‘चेकडिस्क’ ही दुसरी आज्ञाही पहिल्यापासून होती, आणि १९९३ साली डॉस ६.२ बरोबर तिचा सुधारलेला भाऊ ‘स्कॅनडिस्क’ आला. या दोघांचं काम मात्र मुळात वेगळं होतं. डिस्कवरची कोणती जागा कोणत्या फाइलची, या नोंदवहीचा मेळ बसतो का, हेच ते मुख्यतः पाहत. फाइलच्या पोटातला मजकूर बरोबर आहे की नाही हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता, कारण बरोबर मजकूर कसा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. हा फरक अजूनही पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि चेकडिस्क चालवूनही काही झालं नाही अशी तक्रार करत ते थेट फॉरमॅटवर येतात. मजकुराची चूक काढायची तर तुलना लागते, आणि तुलनेला दुसरी, खात्रीची प्रत लागते. डॉसच्या काळात ती प्रत म्हणजे ती एक फ्लॉपी. म्हणूनच तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून ठेवायची शिस्त जाणत्या माणसांत होती. पट्टी लावली की तिच्यावर काही लिहिलं जात नसे, आणि प्रत शुद्ध राही.

ही शिस्त किती मोलाची होती हे व्हायरसांनी दाखवलं. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत गेला. ‘मायकेलअँजेलो’ या व्हायरसने ६ मार्च १९९२ ही तारीख जगभर गाजवली, कारण त्या तारखेला तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकी. आपल्या भागातला धागा इथे जुळतो. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे असलेले कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत खरा बिघाड पुष्कळदा व्हायरसचाच असतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांचे भाऊ संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी मायकेलअँजेलोवर उतारा लिहिला, आणि त्यातून पुढे ‘क्विक हील’ उभं राहिलं. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने चालणारी ही कंपनी २००७ साली क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेली. ही हकीकत यशोगाथा म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातलं तंत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. मायकेलअँजेलो डिस्कचा पहिला सेक्टर बळकावताना तिथला मूळ मजकूर सातव्या सेक्टरमध्ये नेऊन ठेवी, कारण यंत्र चालू राहायला त्यालाही तो लागे. उतारा लिहिणाऱ्याने ही जागा ओळखायची आणि मूळ मजकूर परत पहिल्या जागी आणायचा. फाइलींना चिकटणाऱ्या व्हायरसांचंही तसंच. ते आपला मजकूर फाइलच्या शेवटी जोडत आणि सुरुवातीची दिशा बदलत. शेपूट छाटलं, दिशा पूर्ववत केली, की फाइल पुष्कळदा मूळ रूपात परत येई. ही दुरुस्ती बाहेरून मूळ प्रत न आणता, बिघडलेल्या फाइलीतूनच मूळ रूप काढणारी आहे. मूळ प्रतींचा दुष्काळ असलेल्या बाजारात अशा उताऱ्याला मागणी येणं स्वाभाविक होतं, आणि क्विक हील दुरुस्तीच्या दुकानातून उगवलं याचं एक कारण मला हेच दिसतं. या मार्गाला मर्यादाही होती. व्हायरसने मूळ मजकुरावरच लिहिलं असेल तर काढण्यासारखं काही उरतच नसे. २६ एप्रिल १९९९ ला ‘सीआयएच’ने डिस्कच्या आरंभीच्या भागावर शून्यं लिहिली, तेव्हा हे पुष्कळांना कळून चुकलं.

विंडोजने दुसरा मार्ग धरला, आणि त्याचं कारण व्हायरस नव्हतं. विंडोज ९५ मध्ये अनेक प्रोग्रॅम मिळून वापरत असलेल्या डीएलएल फाइल एकाच फोल्डरमध्ये राहत. नवा प्रोग्रॅम बसवताना तो स्वतःबरोबर आणलेली जुनी डीएलएल तिथल्या नव्या डीएलएलवर लिहून टाकी. मग हा नवा प्रोग्रॅम चाले आणि कालपर्यंत चालणारे दोन बंद पडत. विंडोज ९५ ने यावर गुपचूप उपाय ठेवला होता. महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असत, आणि एखाद्या प्रोग्रॅमची उभारणी संपली की कोणत्या फाइलवर जुनी फाइल पडली हे पाहून ती परत आणली जाई. मूळ प्रत आता फ्लॉपीवरून यंत्राच्या पोटात आली. जून १९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ ने ‘सिस्टिम फाइल चेकर’ दिला. फाइली नोंदवलेल्या खुणांशी ताडून पाहायच्या, फरक दिसला तर सीडी मागायची आणि तिच्यातून नेमकी तेवढीच फाइल काढून घ्यायची, असं त्याचं काम होतं. २००० साली विंडोज २००० ने पुढची पायरी गाठली. संरक्षित फाइल बदलली की यंत्र स्वतःच ओळखे आणि ‘डीएलएल कॅश’ या फोल्डरमधली प्रत जागेवर ठेवी. हुकूम देऊन सगळ्या फाइल तपासायच्या तर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’, म्हणजे तोच सिस्टिम फाइल चेकर. ओळखण्याची पद्धत अशी की प्रत्येक फाइलच्या संपूर्ण मजकुरावर गणित करून एक छोटी संख्या काढायची. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ती संख्या साफ बदलते. या संख्यांची यादी कंपनीच्या डिजिटल सहीने बंद केलेली असते, म्हणजे यादीतच फेरफार करून फसवता येत नाही. ही कल्पना विंडोजपुरती नव्हती. फाइली चांगल्या असताना त्यांच्या अशा खुणा घेऊन ठेवायच्या आणि पुढे त्यांच्याशी ताडायचं, हे काम अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी १९९२ साली ‘ट्रिपवायर’ या नावाने मोठ्या युनिक्स यंत्रांसाठी केलं होतं. घरच्या यंत्राला ते सहा-आठ वर्षांनी मिळालं.

आता अडचणीची जागा. कॅशमधली प्रतच नसेल किंवा तीच बिघडली असेल तर विंडोज सीडी मागते, आणि सीडी कोणती? ज्या सीडीवरून ती विंडोज बसवली, तिच्याशी आवृत्तीने तंतोतंत जुळणारी. विंडोज एक्सपीच्या काळात हे फार जाचक ठरलं. २००१ ची मूळ एक्सपी, २००४ चा दुसरा सर्व्हिस पॅक, २००८ चा तिसरा : यंत्रावर एक आणि सीडीवर दुसरा असला की ‘ही सीडी चुकीची आहे’ एवढंच उत्तर मिळे. सातारा-सांगलीसारख्या भागातले घरचे संगणक बरेचसे सुटे भाग आणून जोडलेले असत, आणि त्यांच्याबरोबर विकत घेतलेली विंडोज क्वचितच असे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ‘बीएसए’ या संघटनेच्या अंदाजाने २०११ सालीसुद्धा भारतातल्या यंत्रांवर बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ६३ टक्के विनापरवाना होतं. हा अंदाज विक्रेत्यांच्या संघटनेचा आहे, तो थोडा फुगवलेला असेल असं मानलं तरी चित्र बदलत नाही. हातोहात फिरणाऱ्या सीडी कोणी कोणी छाटलेल्या असत. आकार कमी व्हावा, यंत्र हलकं चालावं म्हणून कॅश काढून टाकलेला असे, फाइलींचं संरक्षण बंद केलेलं असे. अशा यंत्रावर एसएफसी चालवून काय मिळणार? ब्रँडेड यंत्र घेतलेल्यांचीही सुटका नव्हती, कारण कंपन्यांनी सीडी द्यायचं बंद करून डिस्कच्या एका लपवलेल्या भागात सगळं ठेवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच फॉरमॅटमध्ये तो भाग पुसला जाई.

मराठी लिहू पाहणाऱ्यांना हीच सीडी आणखी एका वळणावर अडवत होती. एक्सपीमध्ये युनिकोड मराठी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकटीत खूण करावी लागे, आणि खूण केली की यंत्र सीडी मागे. सीडी नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडलेली आणि जोडाक्षरं सुटी झालेली पाहत बसायचं. युनिकोडचं मराठी अनेक कचेऱ्यांत आणि छापखान्यांत उशिरा रुळलं, त्याला फॉन्ट विकणाऱ्यांचे हितसंबंध आणि जुन्या मजकुराचं ओझं ही कारणं सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. घरच्या यंत्रापुरतं मात्र, खूण केल्यावर मागितली जाणारी ती सीडी हेही एक कारण होतं, असं माझं ठाम मत आहे.

मूळ प्रत नसली तर शेजारच्या यंत्रावरून फाइल आणावी, हा मार्ग माणसांना सुचणारच, आणि तो सर्रास वापरलाही गेला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच मूळ प्रत हाती नसताना सिद्ध केली. १९१९ साली हाती घेतलेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. हजाराहून अधिक हस्तलिखितं जमवून, पाठ ताडून, जुना आणि समर्थनीय पाठ कोणता हे विद्वानांनी ठरवलं. सिस्टिम फाइलला ही वाट बंद आहे. शेजारची डीएलएल नावाने तीच असली तरी आवृत्ती वेगळी असते, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या दहा फाइलींना नेमकी स्वतःच्या आवृत्तीची सोबत लागते. इथे जवळचा पाठ चालत नाही. शिवाय ते शेजारचं यंत्रही व्हायरसग्रस्त असण्याची शक्यता मोठी, आणि पेनड्राइव्हच्या काळात ती आणखी वाढली. तुलनेची वाट बंद आणि उसनवारीची वाट धोक्याची. अशा वेळी ज्या सीडीवरून यंत्र निदान एकदा चालू झालं होतं, तीच पहिल्यापासून पुन्हा उतरवणं हा एकच खात्रीचा मार्ग दुरुस्ती करणाऱ्यापुढे उरे. सीडी छाटलेली असो वा जुनी, तिच्यावरच्या सगळ्या फाइली निदान एकमेकींना धरून असत.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी सफाई झाली, फॉरमॅट मारण्यात दुकानदाराचा सरळ फायदा होता. तास-दोन तासांत काम संपतं, पैसे ठरलेले असतात, डोकं चालवावं लागत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ग्राहकाचाही त्यात फायदा होता, हे विसरू नये. शोध घेत बसलेल्या कारागिराला तीन तासांनी ‘नाही जमलं’ म्हणावं लागलं तर त्या तीन तासांचे पैसे कोण देणार? ज्ञानाच्या अभावाचा आक्षेपही अर्धाच टिकतो. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम गावोगाव नेला आणि लाखो माणसांचा माउसला पहिला हात लागला. त्याचा भर यंत्र वापरायला शिकवण्यावर होता, आणि त्या वेळी तेच हवं होतं. दुरुस्ती शिकवली असती तरी विद्यार्थ्याला घरी जाऊन चालवायला सीडी कुठून मिळाली असती? भारनियमनाचा हिशेबही यात धरायला हवा. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या वीजप्रकल्पाचं धरण आहे, तरीही त्या काळात ग्रामीण भागात रोज तासन्‌तास वीज नसे. फाइल लिहिली जात असताना वीज गेली की ती अर्धवट राहते. म्हणजे फाइली बिघडण्याची कारणं इथे जास्त होती आणि दुरुस्तीची साधनं कमी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मूळ प्रत हाताशी असूनही एसएफसीने यंत्र बरं झालं असं कितीदा घडतं? बिघाड ड्रायव्हरमध्ये असतो, विंडोजच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत असतो, मरायला टेकलेल्या डिस्कमध्ये असतो, आणि रॅम सदोष असेल तर ताडणीचं गणितच चुकून चांगली फाइल वाईट ठरू शकते. हे मला मान्य आहे. तरीही या तंत्राचं मोल बरं करण्याइतकंच वगळण्यात आहे. सगळ्या सिस्टिम फाइल शाबूत आहेत हे एकदा कळलं, की शोध डिस्क, मेमरी आणि ड्रायव्हर यांच्यापुरता उरतो. विंडोज मारल्यावर हे ज्ञान मिळतच नाही. यंत्र चालू झालं तर का झालं ते कळत नाही, आणि डिस्क सदोष असेल तर महिन्या-दोन महिन्यांत तेच यंत्र पुन्हा दुकानात येतं.

एक गोष्ट मात्र या तंत्राच्या कैवाऱ्यांनीही मान्य करायला हवी. यंत्राच्या लेखी ‘मूळ’ म्हणजे कंपनीने सही करून दिलेलं. ते बरोबर असेलच असं नाही. देवनागरीची मांडणी करणारी ‘यूएसपी१०’ ही डीएलएल जुनी असली की काही जोडाक्षरं चुकत, म्हणून काही जण मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर आलेली नवी प्रत तिच्या जागी ठेवत. फाइल-संरक्षण ती उचलून पुन्हा जुनीच ठेवी, कारण बदल कशासाठी केला हे त्याला कळत नाही. २००७ च्या व्हिस्टापासून या फाइलींची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या यंत्रणेकडे गेली, आणि यंत्राच्या मालकालाही त्यांना सहज हात लावता येईनासा झाला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल तिच्या अधिकृत मार्गाने जगभर उतरली आणि सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर थांबली. विंडोजच्या सगळ्या फाइली तेव्हा शाबूत होत्या, एसएफसीला तिथे काही सापडलं नसतं. कित्येक यंत्रांवर माणसांनीच सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढली.

सीडीचा प्रश्न मात्र आता मिटला आहे. विंडोज ८ पासून ‘डिझम’ ही आज्ञा मूळ प्रतींचा साठा थेट इंटरनेटवरून दुरुस्त करते, म्हणून आधी डिझम आणि मग एसएफसी असा क्रम ठेवावा लागतो. साठाच बिघडलेला असताना एसएफसी एकटी चालवली तर ‘बिघाड सापडला, पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ असं उत्तर येतं, आणि पुष्कळ जण तिथेच हात टेकतात. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोजची पूर्ण प्रत उतरवून घेऊ देते, आणि तिला आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. परवान्याचा प्रश्न वेगळा, पण शुद्ध प्रत आता गावातल्या कुठल्याही दुकानाच्या आवाक्यात आहे. ज्या अभावातून विंडोज मारण्याची रीत आली तो संपला, आणि रीत मात्र टिकून आहे. यापुढे तिचं समर्थन मी करणार नाही, कारण तिची किंमत भलत्यांनाच मोजावी लागते. विंडोजच्या एकूण एक फाइलची मूळ प्रत जगात कुठेतरी सहीशिक्क्यासह ठेवलेली आहे. घरातल्या लग्नाचे फोटो, आजीच्या आवाजाची नोंद, दुकानाची दहा वर्षांची उधारी यांची मूळ प्रत त्या एका डिस्कवरच असते, डेस्कटॉपवर ठेवलेली, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये. फॉरमॅट पुसतो ते नेमकं हेच. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, मूळ डिस्कवर काहीही न लिहिता या फाइली बाहेर काढता येतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. यंत्र दुकानात आल्यावर पहिलं काम हे व्हावं, दुसरं डिस्कची तपासणी, तिसरं डिझम आणि एसएफसी. ग्राहकानेही यंत्र हातात देताना हा क्रम मागून घ्यावा, आणि त्यात जाणाऱ्या जास्तीच्या वेळाचे पैसे दुकानदाराला द्यावेत.